व्हिटॅमिनच्या गोळ्या डॉक्टरांना कोण दाखवतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत चेहऱ्यावर तेज यावं म्हणून कोणकोणत्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्यात, याचा अर्धा पान मजकूर आला होता. अ, ब, क, ड, ई, बाराखडीच काढली होती म्हणा ना. शेवटी बारीक टायपात ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ एवढी एक ओळ. ते कात्रण मी कापून ठेवलं आहे. तुमच्यावर राग म्हणून नाही, कारण असला सल्ला मीही आयुष्यभर वाटत आले आणि यंदा तो माझ्याच घरात उलटला. पत्र लांबलं आहे. कात्री लावायची तर लावा, पण मधला हिशेब तेवढा राहू द्या.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात 24 वर्षं अंगणवाडी सेविका आहे. नाव छापू नये ही विनंती. मुलीचं लग्नाचं वय आहे, आणि आमच्याकडे पोरीच्या तोंडावरच्या मुरुमांपेक्षा त्या मुरुमांची गोष्ट जास्त लवकर पाहुण्यांपर्यंत पोचते.

मुलगी 22 वर्षांची, एम.एस्सी.ला. दहावीपासून मुरुम होतेच, पण गेल्या दोन वर्षांत नुसत्या पुटकुळ्या राहिल्या नाहीत. जबड्यावर आणि पाठीवर हरभऱ्याएवढ्या दुखऱ्या गाठी, आणि गेल्या की मागे खड्डा. आधी गावातल्या एका मेडिकलवरून गोरं करायची ट्यूब आणून लावली. त्यात स्टिरॉइड होतं हे फार उशिरा कळलं. ते प्रकरण मी इथे सांगत बसत नाही. मग एका डॉक्टरांनी तीन महिने डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल आणि लावायला जेल दिलं. थोडा फरक पडला, पण गाठी काही हटेनात. संक्रांतीनंतर आम्ही जळगावला स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आयसोट्रेटिनॉइन सुरू केली, रोज 20 मिलिग्रामची एक.

डॉक्टर माणूस नीट बोलणारा. म्हणाले, ही गोळी व्हिटॅमिन ए च्या कुळातली आहे, कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी ती बारीक करते. ओठ फाटतील, डोळे कोरडे पडतील, उन्हात जपायचं, व्हॅक्सिंग करायचं नाही. लिव्हरची आणि रक्तातल्या चरबीची तपासणी आधी करायची आणि मधेही करायची. दिवस असल्या-नसल्याचीही तपासणी लिहून दिली, तेव्हा मी जरा गोरीमोरी झाले. त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, ताई, ही गोळी पोटातल्या बाळाला फार वाईट. म्हणून गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना गर्भ राहता कामा नये. लग्न ठरवायचं तर आधी मला सांगा. गोळी तेलातुपाच्या जेवणाबरोबर घ्यायची, उपाशीपोटी घेतली तर अंगी कमी लागते, असंही म्हणाले. शेवभाजी आणि भरताच्या मुलखात त्यासाठी वेगळी काही तजवीज करावी लागली नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, “दुसरं कुठलं औषध चालू आहे का?”

आम्ही दोघी एका सुरात म्हणालो, नाही.

खोटं बोललो नाही. त्या दिवशी खरंच काही चालू नव्हतं. पण दीड महिन्याने चालू झालं. पुढच्या खेपेला त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि आम्ही पुन्हा ‘नाही’च म्हणालो. तेव्हाही मनातून खरंच बोललो, कारण जे चालू होतं त्याला आमच्या घरात कुणी औषध म्हणत नव्हतं.

झालं असं. सहा आठवड्यांत तिचे ओठ फुटले, कोपऱ्यात रक्त यायला लागलं. ओठ फुटले, तोंड आलं, की व्हिटॅमिन कमी पडलं, हे मी आईबैठकीत शंभर वेळा सांगितलेलं. मीच मेडिकलवरून मल्टिव्हिटॅमिनची बाटली आणली. नंतर केस गळायला लागले. होस्टेलवरच्या मैत्रिणीने केसांसाठी बायोटिनची (हेही एक ब जीवनसत्त्वच) गोळी सुचवली, ती ऑनलाइन आली. होळीला माझा भाऊ सुरतहून आला. तिकडे उधन्याला त्याचं लूमचं काम आहे. भाचीचे डोळे कोरडे पडून लाल झालेले पाहून त्याचा जीव कळवळला. परत गेल्यावर त्याने सुरत-भुसावळ पॅसेंजरने येणाऱ्या गाववाल्याच्या हाती माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची मोठी बाटली पाठवली. डोळ्यांना चांगली असते म्हणे, रोज दोन.

सासूबाई सकाळी तिच्या हातावरचा तो रंगीत ढीग बघून म्हणाल्या, “वं माय, इतल्या गोया खाईसन पोटमा मेडिकल उघाडशी का?” आम्ही हसलो.

एप्रिलमध्ये डोकं दुखायला लागलं. आधी सकाळी, मग दिवसभर. आडवं झालं की वाढायचं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवशी गल्लीतल्या पोरी निंबाला बांधलेल्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि ही अंधाऱ्या खोलीत डोक्याला फडकं बांधून पडलेली. संध्याकाळी उलटी झाली. “आई, अक्षरं दोन-दोन दिसताहेत,” असं म्हणाली तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आजपासून सगळं बंद, आणि उद्या येताना घरात ती जे जे खाते-पिते-लावते ते सगळं घेऊन या. त्यांनी ‘औषधं’ हा शब्द वापरला नाही. ‘खाते-पिते-लावते’ म्हणाले. मागच्या खेपेलाच त्यांनी असं विचारलं असतं तर, असं अजून मनात येतं. पण दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारावा असंही नाही.

साडीच्या दुकानाच्या पिशवीत भरून सगळं नेलं आणि त्यांच्या टेबलावर ओतलं. बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, आधीच्या डॉक्टरांच्या डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल उरल्या होत्या, त्या मधे घेतल्या का? नव्हत्या घेतल्या, देवाची कृपा. ती कॅप्सूल आणि ही गोळी कधीच बरोबर घ्यायची नसते. दोन्हींमुळे कवटीच्या आत मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो, एकत्र घेतल्या तर जास्तच. नुसतं व्हिटॅमिन ए जास्त झालं तरी तोच त्रास होतो. मग त्यांनी एकेक बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायला घेतलं आणि मला म्हणाले, ताई, लिहा.

मी लिहिलं. रजिस्टर भरायची सवय आहे. मल्टिव्हिटॅमिनच्या एका गोळीत व्हिटॅमिन ए 5,000 एकक (बाटलीवर IU लिहितात ते). माशाच्या तेलाची कॅप्सूल साध्या माशाच्या तेलाची नव्हतीच, कॉड माशाच्या लिव्हरच्या तेलाची होती. साध्या माशाच्या तेलात ए नसल्यात जमा असतं, लिव्हरच्या तेलात भरपूर. बाटलीवर मासा दोन्हीकडे सारखाच. एका कॅप्सूलमध्ये 1,250, दोनच्या 2,500. केसांच्या गोळीवर लिहिलं होतं 750 मायक्रोग्रॅम. मला वाटलं हे तर किरकोळ. डॉक्टर म्हणाले, इथेच माणूस चकतो, एकाने एककात लिहिलंय आणि दुसऱ्याने मायक्रोग्रॅममध्ये. 750 मायक्रोग्रॅम म्हणजे 2,500 एकक. बेरीज केली, 10,000.

मोठ्या माणसाने रोज घ्यायच्या तयार, म्हणजे झाडपाल्यातून न येता गोळीतून किंवा लिव्हरमधून थेट मिळणाऱ्या, व्हिटॅमिन ए ची वरची मर्यादाच 10,000 एकक आहे, आणि तीही ज्याला आयसोट्रेटिनॉइन चालू नाही त्याची. हिच्या पोटात त्याच कुळातली गोळी आधीच रोज जात होती.

आता माझी लाज सांगते. नऊ महिन्यांच्या बाळाला व्हिटॅमिन ए चं पहिलं सिरप सिस्टर देतात तेव्हा पाळण्याशी मी उभी असते. त्या पिवळ्या औषधाच्या 1 मिलीत 1 लाख एकक. पहिला डोस 1 मिली, दीड वर्षाच्या सुमाराला 2 मिली, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 मिली. असे नऊ डोस, सगळे मिळून 17 लाख एकक. पोरं रातांधळी होऊ नयेत म्हणून 1970 पासून देशात हा कार्यक्रम आहे. चमच्यावर खूण असते, बाटली फोडल्याची तारीख वर लिहायची असते. एखादी आई म्हणाली, बाई, पोरगं अशक्त आहे, अजून एक चमचा द्या ना, तर मी तिला कार्ड दाखवते. सहा महिने झाल्याशिवाय थेंबसुद्धा नाही. क जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं, हे लिव्हरमध्ये साठून राहतं, असं मी स्वतः समजावून सांगते.

आणि घरी? रोजचे 10,000 सहा महिने चालले असते तर 18 लाख. आमच्या कार्डावर पाच वर्षांत जेवढं चढतं त्याहून जास्त, शिवाय मुरुमांची गोळी वेगळी. नशीब की दोन-अडीच महिन्यांतच कळलं.

सगळ्यात बोचलं ते पुढचं. डॉक्टर म्हणाले, ओठ फुटणं, केस गळणं, कातडी आणि डोळे कोरडे पडणं, हे सगळं या गोळीनेही होतं आणि व्हिटॅमिन ए जास्त झाल्यानेही होतं. म्हणजे गोळीमुळे ओठ फुटले म्हणून मी ए दिलं, त्याने केस गळायला हातभार लागला असेल, मग केसांसाठी आणखी ए आलं, डोळे कोरडे पडले तर मामाकडून आणखी. आग विझवायला आम्ही घागरी आणत होतो, त्यात रॉकेल होतं. मी त्यांना सरळ विचारलं, मग डोकं या व्हिटॅमिननेच दुखलं का? ते म्हणाले, तसं छातीठोक सांगता येणार नाही, नुसत्या आयसोट्रेटिनॉइननेही काहींचं दुखतं. पण वर भर घालायची गरज नव्हती, एवढं नक्की. हे उत्तर मला आवडलं. उगाच एकाच बाटलीवर खापर फोडलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून आतली नस तपासली, सूज नव्हती. रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढलेली, लिव्हरचा एक आकडा थोडा वर. थायरॉइडचा रिपोर्टही वेडावाकडा आला, तेव्हा मी रडायच्या बेतात होते. तो खेळ बायोटिनचा निघाला. केसांच्या गोळीत 10 मिलिग्राम बायोटिन होतं. माणसाला दिवसाला लागतं ते 30-40 मायक्रोग्रॅम, म्हणजे अडीचशे-तीनशे पट. एवढं बायोटिन रक्तात असलं की काही मशीनवरच्या थायरॉइडच्या तपासण्या फसतात, आजार नसताना आजार दिसतो. गोळी थांबवून आठ दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, रिपोर्ट नॉर्मल. दोनदा सुई आणि दोनदा पैसे, केसांना मात्र काही झालं नाही.

डोकेदुखी पंधरा दिवसांत गेली. जूनमध्ये आकडे खाली आल्यावर डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, एक दिवसाआड. आता ओठांना नुसतं व्हॅसलीन. ड जीवनसत्त्व रक्तात कमी होतं ते त्यांनी स्वतः लिहून दिलं. म्हणजे व्हिटॅमिन म्हटलं की विष, असंही नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे पारडं लगेच दुसऱ्या टोकाला जातं. सासूबाईंनी पपई, गाजर, शेवग्याचा पाला, सगळं बंद करून टाकलं होतं. त्याला डॉक्टर हसले. झाडपाल्यातून मिळतं त्यातलं शरीर आपल्या गरजेपुरतंच ए बनवतं, खुशाल खाऊ द्या म्हणाले. बकऱ्याची कलेजी मात्र या काळात नको, जनावराच्या लिव्हरमध्ये तयार ए ठासून भरलेलं असतं. रविवारी हिच्या ताटात आता नुसता रस्सा.

गल्लीतली आणखी एक गोष्ट, लहान आहे पण माझ्या कामाशी जोडलेली. 17 वर्षांची पोरगी, हिमोग्लोबिन 9, म्हणून रोज लोहाची गोळी. तिलाही मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन लिहून दिलेली. ती काय करायची, विसरायला नको म्हणून दोन्ही गोळ्या सकाळी एकदमच, वर पेलाभर दूध. दोन महिने काडीचा फरक नाही आणि तिची आई डॉक्टरला शिव्या देते. लोह, कॅल्शियम, झिंक, ॲसिडिटीचं पातळ औषध, यातलं काहीही या कॅप्सूलला पोटात धरून ठेवतं, आणि मग ती रक्तात न जाता तशीच बाहेर पडते. लोहाच्या बाबतीत तर दोन-तीन तासांचं अंतर ठेवूनही काम भागेलच असं नाही. म्हणून वेळा डॉक्टरांनाच विचारून ठरवाव्यात. पण लोह आपल्या मनाने बंद करायचं नाही. आमच्या भागात पोरींच्या अंगात रक्त नाही ही मुरुमांपेक्षा मोठी गोष्ट आहे. आणि ती कॅप्सूल पेलाभर पाण्याने घ्यायची, गिळून लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते.

माझ्या भाचेसुनेला ब-12 च्या इंजेक्शनांनंतर तोंडभर पुरळ उठलं होतं, तेही काहींना होतं म्हणे. असो, ते तिच्या डॉक्टरांनी पाहिलं आहे.

आता तुम्हाला आणि तुमच्या वाचकांतल्या मेडिकलवाल्यांना काय सांगायचं ते. मुरुमांच्या गोळीच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही म्हणून. व्हिटॅमिनच्या बहुतेक बाटल्यांवर ती नसते. तिथे खाण्याच्या वस्तूंवर असतो तो एफएसएसएआयचा नंबर आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ. म्हणजे कायद्याच्या लेखी ती बाटली खाऊच्या बाजूची. आम्हीही खाऊच समजलो, मग डॉक्टरांना कशी सांगणार? मुलीचे वडील सातवी शिकलेले, ट्रॅक्टरचं पुस्तक वाचून दुरुस्ती करतात, पण त्या बाटलीवरचं इंग्रजी त्यांना भिंग लावूनही लागलं नाही. शेतातल्या फवारणीच्या डब्यासोबत निदान मराठीत लिहिलेलं माहितीपत्रक तरी मिळतं.

मेडिकलवर मी मल्टिव्हिटॅमिन मागितलं तेव्हा त्याच पोऱ्याने महिन्यापूर्वी आयसोट्रेटिनॉइन दिली होती, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, त्याच काउंटरवर. त्याला कुणी शिकवलं असतं तर ‘कुणासाठी पाहिजे’ एवढं विचारायला किती वेळ लागला असता? आणि डॉक्टरांनी ‘औषध चालू आहे का’ ऐवजी ‘गोळी, पावडर, तेल, टॉनिक, काढा, काही चालू आहे का’ असं विचारावं. मी आता आईबैठकीत असंच विचारते. परवा 14 बायांत 9 जणींनी हात वर केले. ‘औषध’ म्हणून विचारलं होतं तेव्हा दोनच होते.

पुरवणीवाल्यांना एवढीच विनंती की पुढच्या वेळी तेजाचा मजकूर छापताना ‘मुरुमांची गोळी चालू असेल तर ए असलेलं काहीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको’ हे वाक्य मजकुराएवढ्याच टायपात टाका.

गणपतीत मंडळाने रक्तदान शिबिर घेतलं. मुलगी मैत्रिणींबरोबर रांगेत उभी राहिलेली मला दिसली, मी तिला हाताला धरून बाजूला घेतलं. गोळी चालू असताना आणि संपल्यावर एक महिना रक्त देता येत नाही, ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढायचं. ती विसरली होती. शिबिरातल्या पोरांनी फॉर्मवर ‘काही औषध चालू?’ याच्यापुढे ‘नाही’ लिहूनही टाकलं होतं, मुरुमांची गोळी म्हणजे काय मोठं औषध, असं तिला वाटलं म्हणे. तिच्या गालावर आता नवीन गाठ नाही, खड्डे राहतील म्हणतात. दिवाळीनंतर एक स्थळ यायचं आहे. डॉक्टरांना तारीख कळवली आहे.

भावाने पाठवलेली ती बाटली अजून फडताळात आहे, पाऊणएक भरलेली. सासूबाईंनी दोनदा मागितली, गुडघ्याला बरी म्हणून. मी दिली नाही. त्यांची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. येत्या मंगळवारी त्यांना धुळ्याला तपासायला न्यायचं आहे, बाटली पिशवीत घालून नेते.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. अमळनेर, जि. जळगाव